मेयरचे पाय

मेयर पुढचे पाय लांब टाकून उभा होता, आणि ते हॅडलीला आवडलं नाही. गोऱ्हा दमला की अंग सोडून उभा राहतो, किंवा सरळ बसतो. हा मात्र सगळा भार मागच्या पायांवर घेऊन, पुढचे खूर जमिनीला जेमतेम टेकवत उभा होता. तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहावं तसा. खाली तर चांगला वीतभर लाकडाचा भुसा होता.

जत्रेच्या गोठ्यात सकाळचं काम सुरू झालं होतं. धुण्याच्या ओट्यावर पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. केस फुलवायचे पंखे घोंघावत होते. कुणीतरी रेडिओ लावून ठेवला होता, जनावरांना गोंगाटाची सवय राहावी म्हणून. पलीकडच्या मैदानात आकाशपाळण्याची माणसं साखळ्या तपासत होती आणि तळलेल्या पिठाचा गोड वास एवढ्या लवकरच सुटला होता. हॅडली सोळा वर्षांची होती आणि जत्रा तिला आठवतंय तेव्हापासून अशीच होती. फक्त या खेपेला लोक तिच्याशी बोलताना आवाज खाली आणत होते.

मेयर तिचा नव्हता. तिच्या भावाचा, गॅरेटचा होता. काळा, पांढऱ्या तोंडाचा, खच्ची केलेला गोऱ्हा. दिवसभर खातो आणि कुणासाठी जागचा हलत नाही म्हणून गॅरेटनं त्याचं नाव मेयर, म्हणजे महापौर, ठेवलं होतं. गेल्या हिवाळ्यात बर्फ साचलेल्या वाड्यात त्याला मोरकीनं चालायला शिकवताना मेयरनं त्याला दोनदा कुंपणापर्यंत फरफटत नेलं होतं. तेव्हा गॅरेट चिखलातून उठून म्हणाला होता, "निवडणुकीत पाडतो बघ तुला."

जुलैच्या सुरुवातीला गॅरेट गावातून माश्यांचं औषध घेऊन परत येत होता. रस्त्याकडेचा मका गाडीपेक्षा उंच वाढला होता. खडीच्या दोन रस्त्यांच्या चौकात, जिथं थांबायची पाटी नाही, तिथं दुसऱ्या बाजूनं ट्रक आला. मक्यामुळं दोघांनाही समोरचं दिसलं नाही. चूक कुणाचीच नव्हती, असं शेरीफच्या माणसानं घरी येऊन सांगितलं. त्यानं घरात कुणाला बरं वाटलं नाही.

मेयरला जत्रेत हॅडलीनं न्यावं हे जनावरं पाळणाऱ्या मुलांच्या क्लबनं ठरवलं. कुणी मूल आजारी पडलं किंवा गेलं, तर त्याचं जनावर त्याच्या नावानं रिंगणात येतं, ही इथली रीत होती. हॅडलीनं आजवर डुकरंच पाळली होती. डुकरांचं बरं असतं, लिलाव झाला की ती आपल्याच पायांनी कत्तलखान्याच्या ट्रकात पळतात, निरोपाला वेळ मिळत नाही. गोऱ्ह्याचं तसं नाही. त्याला मोरकी धरून न्यावं लागतं.

मेयरच्या घमेल्यात भरडलेल्या मक्याचा ताजा ढीग होता. तो हॅडलीनं घातला नव्हता.

तिची आई, मार्ला, ब्रश-कंगव्यांच्या लाकडी पेटीवर बसली होती. हातात खुराकाचं माप होतं.

"मी सकाळीच घातलं होतं त्याला," हॅडली म्हणाली.

"भुकेला होता."

"मॉम, तो नेहमीच भुकेला दिसतो."

"गॅरेटसारखाच," मार्ला म्हणाली. "दोघांचंही पोट भरलंय असं मला कधी वाटलंच नाही."

गेले कित्येक दिवस खुराकाचं पिंप भराभर उतरत होतं आणि तिला वाटत होतं की डॅडनं वासरांसाठी नेलं असेल. आता तिच्या डोळ्यांपुढं एकेक गोष्ट आली. पहाटे मॉम कॉफीचा कप घेऊन गोठ्याकडं जायची. दुपारी जायची. दिवेलागणीला जायची. ती जेवत नव्हती, फोन घेत नव्हती, चर्चमधल्या बायकांनी आणलेली भांडी न उघडता परत जात होती. पण गोठ्यात जायची. बादली पालथी घालून मेयरशेजारी बसायची. तेवढ्यासाठी तरी अंथरुणातून उठते, म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. आणि प्रत्येक वेळी उठताना ती त्याच्यापुढं एक माप ओतत होती.

गॅरेटचं माप ठरलेलं असायचं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वरून वाळलं गवत. हॅडली तेच पाळत होती.

जत्रेचे जनावरांचे डॉक्टर निमायर दुपारच्या आधी रांगेतून फिरत आले. उंच, वाकलेले, सगळ्यांना नावानं ओळखणारे. मेयरपाशी ते थांबले, वाकले, पुढच्या खुराला पंजा लावून थोडा वेळ धरून राहिले. मग दुसऱ्या खुराला. मार्ला तेव्हा पाणी आणायला गेली होती.

"गरम आहेत," ते म्हणाले. "कोण चारतं याला?"

"मी," हॅडली म्हणाली.

"माप जड पडतंय तुझं, पोरी. मका अंगावर येतो. पोटात आंबतो आणि पायात उतरतो. खुराच्या आत सूज आहे याच्या."

तिनं विचारलं, बरा होईल का. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि मग सरळ सांगितलं. एक सुई दिली तर दुखणं पुष्कळ कमी होईल. पण सुई दिली की कत्तलखाना त्याला बरेच दिवस घेणार नाही, औषध मांसात राहतं. म्हणजे ट्रकला घालायचा असेल तर सुई नाही. घरी न्यायचा असेल तर आत्ता देतो.

"घरी नेला तर?"

"एवढ्या वजनाच्या जनावराला हे पाय पेलत नाहीत. खूर वाकडे वाढत जातील. आतलं हाड फिरतं. बर्फ पडेपर्यंत तो गुडघ्यांवर येऊन चरेल. मग तुझ्या बापाला मला फोन करावा लागेल. रोज सकाळी गोठ्यात गेलात की तुम्हाला हेच बघायचंय." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "आज रिंगणात चालेल तो. हळू ने. ट्रकमध्येही चढेल."

हॅडलीनं त्यांना विनंती केली की हे मॉमला सांगू नका. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मग भरलेल्या घमेल्याकडं, मग पेटीवर ठेवलेल्या मापाकडं.

"मला कुणी विचारलं तर सांगेन," ते म्हणाले. "नाही विचारलं तर मला पुढं मेंढ्या बघायच्यात."

ते गेल्यावर तिनं घमेलं उचलून मका उकिरड्यावर ओतला आणि रिकामं घमेलं भुशाखाली अर्धं लपवलं.

दुपारी ती वडिलांबरोबर, लायलबरोबर, चर्चच्या बायकांच्या तंबूत जेवायला बसली. सँडविच, मग चेरी भरलेली गोड पाई, कागदी ताटलीत. लायलनं पाईचे तुकडे केले पण खाल्ली नाही. शेजारच्या टेबलावरचा एक शेतकरी त्याला म्हणाला की तुझा मका उंच आलाय या वर्षी, आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की काय बोललो. तो उठून कॉफी घ्यायला गेला तो परत आलाच नाही.

लायलनं मग हॅडलीला हळू आवाजात सांगितलं. मार्लानं व्हर्जिल ओट्टेशी बोलून ठेवलंय. व्हर्जिलचं गावात बी-बियाणं आणि खुराकाचं दुकान होतं आणि जत्रेत शेवटची बोली बहुतेक त्याचीच असायची. तो मेयरला घेईल आणि घरच्यांना परत देईल. ट्रकला नाही. घरी. ओढ्याकडच्या कुरणात राहील तो.

"तुला माहीत होतं?" हॅडलीनं विचारलं.

"कालच कळलं."

"डॅड, गॅरेट हसला असता. मागच्या वर्षी त्या क्लेमेन्सच्या पोरीनं गोऱ्हा परत नेला तर तो काय म्हणाला होता? कुरण काय वृद्धाश्रम आहे का, म्हणाला."

लायलच्या तोंडावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. "म्हणाला होता खरं," तो म्हणाला. "पण तिला हवाय तो, हॅड. ती एक गोष्ट मागतेय. राहू दे."

हॅडलीला त्याला सांगता आलं असतं. पाय गेलेत, का गेलेत, कुणाच्या हातानं गेलेत. तिनं त्याच्याकडं पाहिलं. जुलैपासून त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. सांगितलं तर तो ते घरी घेऊन जाईल, रोज रात्री मॉमशेजारी झोपेल, आणि त्याला काही लपवता येत नाही हे सगळ्या काउंटीला ठाऊक होतं. तिनं ताटली चुरगाळून पिंपात टाकली.

रिंगणात मेयर नीट चालला. हॅडलीनं त्याला सगळ्यांच्या मागं ठेवलं, वळणं मोठी घेतली आणि थांबल्यावर काठीनं त्याचं पोट खाजवत राहिली, गॅरेट करायचा तसं. परीक्षक परगावचा होता. त्याला कुणीतरी सांगितलं असणार, कारण तो तिच्यापाशी जरा जास्त थांबला. त्यानं पाठीवरून हात फिरवला, मांडीचं मांस दाबून पाहिलं, आणि मेयरची चाल पाहताना त्याच्या कपाळाला आठी पडली. तिला मधला कुठलातरी नंबर मिळाला. लोकांनी पहिल्या नंबरापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या.

लिलाव संध्याकाळी होता. तोवर ट्रॅक्टरांची वजन ओढायची शर्यत झाली होती, पाळणे फिरत होते, लहान पोरांच्या तोंडाला निळी साखर लागली होती. बाकं माणसांनी भरली. मेयरचा नंबर शेवटचा ठेवला होता.

लिलाव पुकारणाऱ्यानं गॅरेटचं नाव घेतलं आणि टोप्या उतरल्या. मग बोली सुरू झाली. पहिली एका बँकवाल्यानं जिंकली, आणि हातोडा पडताच तो उभा राहून म्हणाला, "पुन्हा विका." रीत अशीच होती. घेणारा जनावर परत देतो, तेच जनावर पुन्हा लिलावाला लागतं, आणि पैसे त्या मुलाच्या नावानं जमत जातात. पुढचा पंप बसवणारा होता. "पुन्हा विका." मग मिशनरी बायकांच्या मंडळानं एकत्र बोली लावली. "पुन्हा विका." ट्रक चालवणाराही बाकांवर होता, तोच, त्या चौकातला. त्यानं हात वर केला तेव्हा कुणीही त्याच्यावर बोली चढवली नाही. त्यानं शब्द तोंडातून काढला, पण तो ऐकू आला नाही. लिलाव पुकारणाऱ्यानंच त्याच्यासाठी तो म्हटला.

एवढा वेळ हॅडली भुशात उभी होती. मेयर आपला भार एका पुढच्या पायावरून दुसऱ्यावर टाकत होता. एवढा जड जीव, आणि किती सावकाश, किती जपून. मोरकीच्या साखळीतून तिच्या हाताला ते प्रत्येक वेळी कळत होतं. मॉम पहिल्या बाकावर बसली होती. कितीतरी दिवसांनी तिनं केस विंचरले होते. ती मेयरकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते हॅडलीनं जुलैपासून पाहिलं नव्हतं.

शेवटी व्हर्जिल ओट्टेनं घेतला. ऐंशीच्या घरातला, कानात यंत्र, गुडघे गेलेले. तो कठडा धरून भुशात उतरला. माणसं उठून उभी राहू लागली. त्याला काय बोलायचंय हे निम्म्यांना माहीत होतं.

त्यानं हॅडलीच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी घेऊन जा याला, पोरी."

हे तो अजून फक्त तिलाच बोलला होता. लिलाव पुकारणारा माईक घेऊन त्याच्याकडं येत होता.

"नको," हॅडली म्हणाली.

व्हर्जिलनं कानाचं यंत्र बोटानं दाबलं.

"ट्रकला जाऊ द्या. प्लीज. पाय गेलेत त्याचे. हे माईकवर नका बोलू."

म्हातारा खाली खुरांकडं बघू लागला. त्यानं आयुष्यभर लोकांना मका विकला होता. एकदा बघितल्यावर त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. त्याचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला.

"तुझ्या आईला मी शब्द दिलाय."

"मी सांगते तिला. माझं नाव सांगा. म्हणा, पोरीला नको होता."

"ती तुला माफ नाही करायची."

"मला माहितेय."

लिलाव पुकारणाऱ्यानं माईक पुढं केला. व्हर्जिलनं घसा साफ केला आणि एवढंच म्हटलं की गॅरेट सेडलाचेक चांगला गोऱ्हा वाढवायचा आणि हा पण चांगला आहे, आणि तो रीतीप्रमाणं जाईल. लोकांनी थांबून टाळ्या वाजवल्या. काही जण एकमेकांकडं बघत राहिले. पहिल्या बाकावरून मार्ला उठली.

कत्तलखान्याचा ट्रक गोठ्यामागं लावला होता. मुलं रांगेनं आपापली जनावरं नेत होती. कुणी रडत होतं, कुणाचा बाप खांद्यावर थोपटत होता, एक पोरगी आपल्या गोऱ्ह्याच्या मानेत तोंड खुपसून उभी होती आणि मागचे गुपचूप थांबले होते. दर वर्षी हे होतं, दर वर्षी ही पोरं पुढच्या हिवाळ्यात नवं वासरू शोधतात. गॅरेट कधी कुणासमोर रडायचा नाही. तो धुण्याच्या ओट्यामागं जायचा आणि परत येऊन म्हणायचा की डोळ्यात भुसा गेला.

मार्लानं तिला ट्रकला लावलेल्या फळीच्या उतरणीपाशी गाठलं.

"तू काय सांगितलंस व्हर्जिलला?"

"मॉम."

"काय सांगितलंस?"

हॅडलीनं साखळी घट्ट धरली. "मला तो घरी नको आहे. त्याचे पाय गेलेत. चालता येत नाही त्याला नीट. बघ ना."

मार्लानं पाहिलं. मेयर उतरणीच्या टोकाशी पुढचे पाय लांब करून उभा होता. आता ते कुणालाही दिसत होतं.

"कशानं?"

मागून लायल धावत येत होता. हॅडलीनं तो पोचण्याआधी उत्तर दिलं.

"मी मका जास्त घातला. नंबर यावा म्हणून. गॅरेटनं वाढवला असता त्यापेक्षा चांगला दिसावा म्हणून. मला कळलं नाही."

मार्लाचा चेहरा हळूहळू बंद झाला. तिनं मुलीकडं असं पाहिलं जसं रस्त्यात भेटलेल्या कुणा अनोळखी माणसाकडं बघतात.

"गॅरेटनं हे कधीही केलं नसतं," ती म्हणाली.

मग ती वळली आणि गाड्या लावल्या होत्या त्या बाजूला चालायला लागली. लायल मध्येच उभा राहिला, दोघींच्या बरोबर मधोमध. मग बायकोच्या मागं गेला. ते बरोबरच होतं.

हॅडली मेयरला वर घेऊन गेली. उतरणीवर तो दोनदा थांबला आणि तिनं दोन्ही वेळा त्याला थांबू दिलं. आत अंधार होता, शेणाचा आणि गरम अंगांचा वास होता. मोरकी आपणच काढायची, दुसऱ्याला काढू द्यायची नाही, हे गॅरेटनं तिला कधीतरी सांगितलं होतं. ती डुकरं पाळायची तेव्हा. तिनं कानामागचा पट्टा सोडला. मेयरनं डोकं झटकलं आणि तिच्या खिशाशी नाक आणलं, काही खायला आहे का बघायला.

घरी जाताना तिघं गाडीत एका ओळीत बसले. चौकाशी लायल पूर्ण थांबला, काच खाली केली आणि मक्यापलीकडचं काही ऐकू येतंय का ते ऐकलं. मग निघाला. तो आता नेहमीच असं करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅडली गोठा धुवायला गेली तेव्हा मार्ला तिथं होती. सवयीनं आली असेल. मेयरची जागा रिकामी होती, बादली पालथी तशीच. मार्ला खुराकाच्या पिंपाचं झाकण उघडून आत बघत होती. तळाला दोन-तीन ओंजळी मका राहिला होता. हातात माप होतं.

"तू किती घालायचीस?" तिनं विचारलं. आवाज सपाट होता.

"चार मापं," हॅडली म्हणाली. "सकाळी चार, संध्याकाळी चार."

"रोज?"

"रोज."

मार्ला पिंपाकडं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. शेतकऱ्याच्या घरातली बाई होती ती. पिंपात किती मावतं आणि ते किती दिवस पुरतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. हॅडलीला ते उशिरा सुचलं. तिनं आकडा फार मोठा सांगितला होता.

"तू चार-चार घालत होतीस," मार्ला सावकाश म्हणाली, "आणि मी घालत होते ते वेगळं. मग हे पिंप मागच्याच आठवड्यात संपायला हवं होतं."

बाहेर लायलनं ट्रॅक्टर सुरू केला आणि बंद केला.

"मॉम, घरात चल."

"तू दोनच घालत होतीस ना. त्याच्यासारखी."

हॅडलीनं फरशीवर पाणी सोडलं. पाणी मेयरच्या जागेवरून वाहत नालीकडं गेलं, भुसा आणि शेण घेऊन.

मार्लानं माप भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायला हात वर केला. ते खिळ्याला न लागता खाली पडलं. तिनं ते उचललं नाही. ती पालथ्या बादलीवर बसली, जिथं रोज बसायची तिथं, आणि समोरच्या ओल्या फरशीकडं बघत राहिली. हॅडलीनं पाणी बंद केलं. तिला वाटलं की जवळ जावं, मग वाटलं की जाऊ नये. तिनं नळीचं वेटोळं करून जागेवर ठेवलं आणि आईपासून थोड्या अंतरावर, भिंतीला टेकून उभी राहिली.